मांजराची चप्पल

शिवणखात्यात सगळे तिला आत्या म्हणायचे. मालकसुद्धा, आणि मालक तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बसायच्या दोघीच, ती आणि तिची जोडीदारीण. मशीन चीनहून आलेलं, पडद्यावर सगळं चिनी. पण बायकांचं काही अडलं नाही. त्यांनी अक्षरांना खुशाल नावं ठेवली. एक दिसायला स्टुलासारखं, म्हणून स्टूल. एक चौकटीत चौकट, म्हणून डब्यात डबा. ‘आधी स्टूल दाब, चुकलं तर डब्यात डबा’ एवढं सांगितलं की नव्या बाईचं शिक्षण संपलं.

आत्याला मात्र राहवेना. रद्दीच्या दुकानात तिला चिनी शिकायचं पाठ्यपुस्तक मिळालं. भाग पहिला आणि भाग तिसरा. मधला कुठे म्हणून विचारलं, तर रद्दीवाला म्हणाला, आधी हे दोन संपवा. पहिल्याच धड्यांत स्टूल भेटलं. स्टूल म्हणजे ‘सुरू’, डब्यात डबा म्हणजे ‘परत’. इतके दिवस ज्याच्या डोक्यावर बोट दाबत होतो, त्याचं नाव आज विचारतोय, म्हणून ती उगाच ओशाळली.

पुस्तक आधी कुणीतरी वापरलेलं होतं. नाव नव्हतं, पण समासात पेन्सिलीच्या टिपा होत्या, आपल्याच भाषेत. चिनीत एकच शब्द चार सुरांत म्हटला की चार अर्थ होतात. पुस्तकाने ते बाण काढून सांगितलं होतं. पेन्सिलीने लिहिलं होतं: पहिला सूर, डॉक्टरला घसा दाखवतानाचा ‘आ’. दुसरा, आतल्या खोलीतून येणारा ‘काय?’. चौथा, पोरांना ‘गप!’. आणि तिसरा, सासूबाईंना म्हणतो तो ‘हो’. आधी खाली जातो, मग नाइलाजाने वर येतो.

तो सूर आत्याला एका फटक्यात जमला. सराव पंचवीस वर्षांचा होता.

रोज सकाळी पाणी तापेपर्यंत ती ओट्यापाशी चारही सूर घोळवायची. दुसऱ्याला नवरा आतून ‘काही नाही’ म्हणायचा आणि चौथ्याला बोलता बोलता थांबायचा.

दोन वर्षं अशी गेली आणि मशीन बिनसलं. वरचा दोरा दर दोन मिनिटांनी तुटायचा. सुई बदलली, दोरा बदलला, मेकॅनिक येऊन मान हलवून गेला. मालकांनी मशीनमागच्या नंबरवर तीनदा फोन लावला. दोन्हीकडून ‘हॅलो, हॅलो’ झालं, पुढे गाडी सरकेना. शेवटी ते खाली बघत म्हणाले, शनिवारी मशीन परत पाठवतो, तुम्ही दोघींनी दुसरीकडे कुठे बघा. जोडीदारणीचे डोळे भरून आले. आत्या म्हणाली, ‘एकदा मी बोलू का?’

फोन स्पीकरवर टाकला. ‘नी हाओ’ तिने पहिल्या भागातून घेतलं, ‘आदरणीय महोदय’ तिसऱ्यातून. तिकडच्या, कंपनीच्या मिस्त्रीने दोनदा ‘हॅलो?’ केलं. मग ती म्हणाली, दोरा तुटतो. काल तुटतो. उद्या तुटतो. भूतकाळ दुसऱ्या भागात होता.

मिस्त्री भला माणूस. हसला, पण वेग कमी केला. लहान मुलाला भरवावं तसा एकेक शब्द देऊ लागला. शेवटी म्हणाला, ‘श्यामिअन. थाय जिन.’

श्यामिअन म्हणजे खाली. मांजर टेबलाच्या खाली आहे, धडा सहावा. थाय म्हणजे फार. जिन म्हणजे आज. खाली फार आज? आत्याने परत म्हणायला लावलं. आता तिने शब्द सोडला आणि नुसता सूर ऐकला. तो आधी खाली गेला, मग वर आला. सासूबाई. आजचा जिन तर डॉक्टरचा, सपाट. हा जिन वेगळाच. चपलांच्या दुकानाचा धडा, आणि समासात पेन्सिलीने: ‘घट्ट. (चप्पल.)’

‘अगं, मांजराला चप्पल घट्ट होतेय,’ ती जोडीदारणीला म्हणाली.

मालकांनी कपाळाला हात लावला.

‘कुठल्या मांजराला?’ जोडीदारणीने विचारलं.

‘टेबलाखालच्या. खालचा दोरा गं. बॉबिनची डबी बघ.’

वरचा दोरा तुटतो म्हणून आठवडाभर सगळे वरच्याच्याच मागे लागले होते. खालच्या डबीचा स्क्रू कुणीतरी गच्च आवळून ठेवला होता. जोडीदारणीने तो पाव फेरा सैल केला आणि स्टूल दाबलं. एक पान भरलं. दुसरं भरलं. दोरा न तुटता अख्खं फूल उमटलं. तिकडे मिस्त्रीही कान देऊन होता. चालत्या मशीनचा आवाज त्याला कुणी सांगायला नको होता.

आभार मानायला आत्याकडे तिसऱ्या भागातलं पत्र होतं. ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही सदैव ऋणी राहू,’ तिने एका दमात म्हणून टाकलं. वाक्य जाडजूड होतं, पण तिला त्यातला एकही शब्द जास्तीचा वाटला नाही. पलीकडून उत्तर आलं, त्यातला एकच शब्द तिने ओळखला. शिफू. कसबी माणसाला मानाने मारायची हाक.

मालक म्हणाले, मशीन कुठे जात नाही. आणि तुम्हीही.

संध्याकाळी आत्याने चपलांचा धडा उघडला. ज्याने हे लिहिलं त्याला कुठे गाठायचं? फोन नाही, नाव नाही. तिने पेन्सिलीला टोक केलं आणि ‘घट्ट. (चप्पल.)’च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘बॉबिनलाही चालतं. तुमच्यामुळे कळलं.’