परत आलेल्या जहाजांची गोष्ट

धनराजभाऊ समुद्रापर्यंत गेले आणि समुद्र न बघता परत आले.

त्यांना देवाघरी जाऊन आज वर्ष झालं.

गोंदियाजवळच्या कुडव्यात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळी धानाच्या दिवसांत शेतातल्या मोटरी जळतात. लोक त्या मोटरसायकलवर बांधून आणायचे आणि तार भरून होईपर्यंत बाकड्यावर बसायचे.

बसणाऱ्याला एक बुडालेलं जहाज ऐकावं लागे.

पाणी कुठून शिरलं. कोणतं दार बंद व्हायला हवं होतं. खाली इंजिन रूममध्ये कोण राहिलं.

वहिनी आतून म्हणायच्या, "दुनियेची जहाजं माहीत आहेत यायले. घरच्या टाकीतून पाणी वाहून राहिलं, ते नाही दिसत."

जहाजांसारखंच वेड रणगाड्यांचं. रणगाडे नेणारी मिलिटरीची रेल्वे गोंदियाला थांबली की स्टेशनवरचा चहावाला फोन करायचा. मग दुकानाला कुलूप आणि भाऊ स्टेशनवर.

ताडपत्रीखालची चाकं बघून ते रणगाडा कोणता ते ओळखत. एकदा मी, गावातला मास्तर, सोबत होतो. मोबाइल काढला.

"ठेवा तो, सर. डब्यात पोरं झोपून आहेत. कोणाची तरी पोरं आहेत ती."

म्हणून या पोस्टला फोटो नाही. त्यांना आवडलं नसतं.

पल्लवी ही त्यांची एकुलती मुलगी. आठवीत होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली होती. फुगे फोडायच्या दुकानावर तिने छर्ऱ्याची बंदूक घेतली. फुगा फुटला. ती आनंदाने वळली, आणि तिच्याबरोबर बंदूकही वळली, गर्दीकडे.

धनराजभाऊंनी तिचं बोट चापावरून काढलं आणि नळी धरून जमिनीकडे दाबली.

"बोट बाहेर. नळी खाली. मग बोल."

दुकानवाला हसला. "अरे भाऊ, खिलौना है."

"आदत खिलौने सेच लगती है."

पुढे हे घरातलं वाक्यच झालं. वहिनी लाटणं हातात घेऊन भांडायला आल्या तरी बापलेक एका सुरात म्हणायचे, नळी खाली.

मग पल्लवीची नेव्हीत निवड झाली.

मी पेढे घेऊन गेलो, तर धनराजभाऊंचा आवाज कोपऱ्यापासून ऐकू येत होता.

"कायले जायचं तिकडं? पोलीस भरती आहे! बँक आहे! समुद्रच सापडला तुले?"

पल्लवी शांत उभी होती.

"बाबा. बोट बाहेर. नळी खाली. मग बोला."

आधी वहिनी हसल्या. मग मी. धनराजभाऊ स्टुलावर बसले.

बराच वेळ तार गुंडाळत राहिले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "बाकीच्या बापांले फक्त भीती वाटते, सर. मले माहीत आहे, जहाज कसं बुडते."

मी पेढे त्यांच्यापुढे ठेवले.

ट्रेनिंग झालं. पहिलं जहाज मिळालं तेव्हा ते तिला पोचवायला विशाखापट्टणमला गेले. आयुष्यभर ज्याच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर लॉजमध्ये मुक्काम केला. तिला गेटवर सोडलं आणि परतीची गाडी धरली.

"समुद्र कसा होता?" मी विचारलं.

"नाही पाहिला."

"काऊन?"

"मले त्याचा भरोसा नाही. पोरगी नोकरी पुरी करून आली, की तिच्यासोबत पाहीन."

त्यानंतर दुकानात एकही जहाज बुडालं नाही.

लोक मुद्दाम छेडायचे. "भाऊ, आज नाही का कोणतं जहाज?"

"आहे ना."

"सांगा."

"निघालं. काम केलं. परत आलं."

"बस?"

"बस."

"मग यात गोष्ट काय आहे?"

"हेच तर आहे. बुडालेल्यावर पुस्तकं लिहितात. परत आलेल्यावर कोण लिहिते? आणि जास्त तर परतच येतात, भाऊ. जास्त तर परतच येतात."

ते कोणाला समजावत होते, हे बाकड्यावर सगळ्यांना कळत होतं. छेडणं बंद झालं. ती तीन वाक्यांची गोष्ट लोक गुपचूप ऐकून घेऊ लागले. काही जण तर मोटर सुरू करून बघताना स्वतःच म्हणायचे, "परत आलं, भाऊ."

गेल्या वर्षी ते दुपारी जेवून आडवे झाले. उठले नाहीत.

पल्लवी तेव्हा समुद्रावर होती. निरोप पोचला, पण जहाज बंदरात लागेपर्यंत निघणं शक्य नव्हतं. अग्नी पुतण्याने दिला. अस्थी तिच्यासाठी थांबवल्या.

ती आली. खांद्यावर बॅग, चेहरा उन्हाने काळवंडलेला. वहिनींनी तिचे दोन्ही हात धरून पाहिले, मग चेहरा. ती खरंच आली आहे का, हे तपासत असल्यासारखं.

मी म्हणालो, "अस्थी विशाखापट्टणमला ने. समुद्र बघायचा राहून गेला त्यांचा."

सगळ्यांना पटलं. तिला नाही.

"नको, सर. बाबांचा भरोसा नव्हता त्याच्यावर."

आम्ही वैनगंगेवर गेलो. ती गुडघाभर पाण्यात उतरली. गाडगं बराच वेळ धरून उभी राहिली. मग सोडलं.

वर आल्यावर म्हणाली, "ही जातेच ना शेवटी समुद्रात. जायचं असलं तर जातील त्यांच्या मनानं. मी कायले नेऊ?"

दुकान आता पुतण्या चालवतो. बाकडं तिथेच आहे. टाकी अजून वाहते. मी वहिनींना म्हटलं, प्लंबर पाठवतो. म्हणाल्या, "राहू द्या, सर."

आज सकाळी पल्लवीचा मेसेज आला. सुट्टी संपवून ती पुन्हा जहाजावर गेली आहे. दोनच शब्द.

"निघाली, सर."

धनराजभाऊ, तुमची पोरगी निघाली आहे.

पुढची दोन वाक्यं तुम्हाला पाठ आहेत. आज ती मी बाकड्यावर बसून म्हणेन.

या आता. नमस्कार.