शनिवारची छाट

माझे बाबा बिडी कामगारांच्या संघटनेचे. पत्रक छापायला जाण्याआधी ते आमच्या अंगणात बिड्या वळणाऱ्या बायकांपुढे मोठ्याने वाचत. जिथे एखादी बाई अडे, ते वाक्य बाबा तिथल्या तिथे खोडत. लपवलेली चूक वाढते, हे मी तिथे शिकले.

२०१०नंतर मी कुडव्यातल्या एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कामाला लागले. आम्ही चौघं राइस मिलच्या दोन फाटकांवर ट्रकना रांगेचा नंबर देणारा प्रोग्राम लिहीत होतो. एकदा दोन ट्रकना एकच नंबर गेला आणि ड्रायव्हरांची हाणामारी होता होता राहिली. मालक म्हणाले, "अब से एक का कोड दूसरा देखेगा. कैसे, वो तुम लोग तय करो."

"बाजूवाल्याले दाखवलं का झालं," आमचा सगळ्यात जुना सहकारी म्हणाला.

"दोघांत मिटवामिटवी होते," मी उसळले. "दर शनिवारी मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर!"

"मोर्चा काढून राहिली का तू?" तो हसला. पण माझा आवाज मोठा, माझंच ठरलं.

पडद्यावर कोड लागे, वर लिहिणाऱ्याचं नाव. चुकीच्या ओळी मी लाल करून मोठ्याने वाचत असे. आमच्यात सर्वांत नवी होती मुर्री गावाहून स्कूटीवर येणारी मुलगी. चुकाही साहजिकच तिच्याच जास्त. तिसऱ्या शनिवारी तिची बावीस ओळींची पट्टी लाल झाली. सोमवारी ती आली नाही. मंगळवारी निरोप आला, नोकरी सोडते.

मी मुर्रीला गेले. ओसरीवर तिची आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती.

"कायले आल्या, ताई?" मुलगी दारातूनच म्हणाली.

"चुका तर सगळ्यांच्याच होतात गं."

"चुकीचं दुःख नाही. माझ्या मायच्या बिड्या ठेकेदार सगळ्या बायांसमोर खराब म्हणून छाटते. नाव घेऊन फेकते. तुम्ही बी तेच करून राहिल्या."

तिच्या आईने मान वर केली नाही. फक्त हात थांबले.

त्या छाटीविरुद्ध बाबांनी किती पत्रकं लिहिली होती! ती वाटायला मी फ्रॉकमध्ये दारोदार फिरले होते. आणि अंगणातल्या वाचनातलं मुख्य कलम मी विसरले होते: तिथे खोडलं जाई ते बाबांचं वाक्य, अडलेल्या बाईचं काही नाही.

"पडदा बंद करते," मी म्हणाले. "एकानं आपलं लिहिलेलं वाचायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून विचारायचं. नावं नकोत."

तिने स्कूटीची किल्ली हातात घेतली.

"पहिले तुमचं वाचा," ती म्हणाली. "मी विचारीन."

बुधवारी ती आली. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. मी माझा कोड ओळीओळीने वाचू लागले, जरा ऐटीतच. नवव्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"थांबा ताई. दोन फाटकं एकाच वेळी उघडली तर? नंबर तर दोघांले एकच जाईल ना?"

त्या दोन ट्रकना एकच नंबर देणारी ओळ माझी होती. तीन शनिवार मी माझा कोड पडद्यावर लावलाच नव्हता.

मी ती खोडली. तिने खुर्ची आणखी जवळ घेतली आणि म्हणाली, "वाचा पुढं."