फोपनारची डॉक्टरीण

वर्षाताईंना लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. पगार गणित शिकवायचा, पण दहावीचा निकाल लागला की बुऱ्हाणपूरपासून चांदनीपर्यंतची पोरं आईबापांना घेऊन त्यांच्यापुढे उभी: मॅथ घेऊ, बायो घेऊ, की कॉमर्स? मी त्याच शाळेत हिंदी शिकवते. माझ्याकडे कोणी काही विचारायला येत नाही, आणि ते बरंच आहे.

ताई नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. त्या कॉलनीत मुलांनी आयटीआयला जायचं आणि मुलींनी मास्तरीण व्हायचं, असं ठरलेलंच होतं. वडिलांनी, सदाशिवरावांनी, लेकीला कधी काही विचारलं नाही. म्हणूनच असेल, ताई प्रत्येक आईबापाला एकच प्रश्न विचारतात, "कोणी न सांगता तुमचं पोर काय करतं?" बहुतेक जण म्हणतात, मोबाइल बघतं.

यंदा मात्र हे प्रकरण त्यांच्या अंगाशी येणार, अशी माझी खात्री होती. फोपनार गावच्या सुकलालभाऊंच्या रश्मीला दहावीला चांगले गुण पडले आणि बापानं भंडाऱ्याच्या पंगतीत उभं राहून जाहीर केलं, माझी पोरगी डॉक्टर होणार. झालं! गाव तिला डॉक्टरीण म्हणू लागलं. म्हाताऱ्या तिला ताप दाखवायला यायच्या. पोरगी अकरावीला बायो घेऊन बसली आणि वाळत गेली. पहिल्याच चाचणीत नापास झाली. शेवटी ताईंपाशी येऊन रडली, मला मॅथ घ्यायचंय.

विषय बदलायचा शेवटचा दिवस उजाडला. प्राचार्यांनी बजावलं होतं, शाळा सुटेपर्यंत बापाची सही आली नाही तर ती बायोतच राहील. सुकलालभाऊ शेवटच्या तासाला आले, सोबत रश्मीची आई, मालूवहिनी. रश्मी स्टाफरूमच्या भिंतीला टेकून उभी. मी वह्या तपासायचं सोंग करत बसले.

"मॅडम, तुमी माह्या पोरीले भडकवलं." भाऊ बसलेसुद्धा नाहीत. "साऱ्या गावासमोर बोलेल आहे मी. आता काय तोंड दाखवू?"

"भाऊ, ती नापास होतेय."

"ट्यूशन लावू."

"ती जेवत नई," मालूवहिनी म्हणाल्या. भाऊंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पदर सावरत गप्प झाल्या.

आता तो नेहमीचा प्रश्न विचारू नका, असं मी मनात म्हणत होते. ताईंनी तोच विचारला.

"काही नई करत. अभ्यास करते," भाऊ म्हणाले.

बाहेर शिपाई वर्गांच्या खिडक्या लावायला लागला होता.

"पाइपचं सांगा ना," मालूवहिनी हळूच म्हणाल्या.

भाऊ चिडूनच सांगू लागले. "आमच्या चढाच्या वावरात ड्रिपचं पाणी वरच्या केळीले पोचत नव्हतं. गवंडी लोकांचा चढउतार मोजायचा तो लेवल पाइप असते ना, पाणी भरेल, तो घेऊन हिनं आखं वावर मोजलं. भर उन्हात. मी म्हटलं, येडी झाली काय. तर म्हणे, पप्पा, मेन लाइन इथून नई, तिथून फिरवा. फिरवली. आता शेजारचे बघाले येतात..." आणि ते थांबले. आपण कुणाची बाजू मांडतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"मोजायला तिला कोणी सांगितलं होतं?" ताईंनी विचारलं.

भाऊंनी रश्मीकडे बघितलं. ती रडत नव्हती, त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी ताईंच्या हातातला अर्ज घेतला आणि उभ्या उभ्या सही केली.

"पण गावात मी काही सांगणार नई," म्हणाले.

माझा राग उफाळून आला. म्हणजे पोरीनं गणितं सोडवायची आणि गावात डॉक्टरीण म्हणून मिरवायचं? ताईंनी मात्र अर्ज शिपायाच्या हाती प्राचार्यांकडे धाडला. आम्ही भाऊंच्या मागून व्हरांड्यात आलो. फाटकाशी फोपनारचा तुषार मोटारसायकल लावून चार जणांत उभा होता.

"काय डॉक्टरीणबाई," त्यानं हाक मारली, "सुटली का शाळा?"

रश्मीनं मान खाली घातली. भाऊ तसेच पुढे गेले. मग वळले.

"डॉक्टरीण नको म्हणू तिले," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "मॅथ घेतलं तिनं. गावातही सांगजो."

वर्षाताई पायरीवर बसल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी एका दमात रिकामी केली.