सात कॉम्प्युटर, आणि आठवा सुधाकाकूंचा

किश्श्यांचं जुन्या चार्जरसारखं असतं. फेकवत नाहीत, एका खणात पडून राहतात, आणि एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात चहाचा पहिला कप संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "निखिल, ते कॉम्प्युटरचं सांग ना!" आणि मग मला पहिल्यापासूनच सांगावं लागतं.

मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. नोकरी लागायची होती आणि जग सुधारायचं होतं. नोकरीचं माझ्या हातात नव्हतं. मंडळातल्या बहुतेक घरांत एकाच सीडीवरून चढवलेली चोरीची सिस्टीम होती, आणि कंपनीने तिची देखभाल बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. मी ठरवलं, सगळ्यांना लिनक्स या मुक्त सिस्टीमवर आणायचं!

गणेशोत्सवात मला मनोगतासाठी पाच मिनिटं दिली होती. मी पंचवीस मिनिटं बोललो. ज्ञान मुक्त असावं, चोरीची सिस्टीम म्हणजे गुलामी, घरातल्या जुन्या सीड्या आजच्या आज फेकून द्या, वगैरे. शेवटी मागून एक हात वर आला.

"फुकट आहे का?"

"हो काकू, पण मुद्दा फुकटाचा नाही, स्वातंत्र्याचा आहे."

"पण फुकट आहे ना?"

सात नावं आली. मला जे आठवं हवं होतं ते मात्र आलं नाही. ते होतं विजय नगरच्या सुधाकाकूंचं. मंडळाच्या लग्नाळू मुलामुलींची यादी बारा वर्षांपासून त्यांच्या कॉम्प्युटरवर होती. तुळशीचं लग्न लागलं की छिंदवाड्यापासून नागपूरपर्यंतचे फोन त्यांच्याकडे सुरू. त्यांचा कॉम्प्युटर सगळ्यांत जुना, आपोआप बंद पडणारा. मी गेलो की त्या लाडू द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी बाकीच्यांची घरं बघ बाळ, मग माझं."

आई मला बजावायची, "तिच्या यादीला काही झालं ना, तर मला मंडळात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

*

सुरुवात घरापासून केली. बाबा निवृत्तीनंतर रोज सकाळी कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसतात. अकरा वर्षांत त्यांचा डाव चार-पाच वेळाच सुटला असेल. नव्या सिस्टीममधला पत्त्यांचा खेळ, कुठं अडलात तर पुढची चाल सुचवतो. पहिल्याच दिवशी बाबांचे तीन डाव सुटले. मी वाट पाहत होतो, आता शाबासकी मिळणार!

बाबा चष्मा काढून म्हणाले, "ही सिस्टीम बेइमान आहे. मला जिंकवून राहिली."

*

दुसरे भालेराव सर. शाळेत गणित शिकवायचे, मलाही शिकवलंय. त्यांचं काम मी दीड तासात संपवलं. मशीन पूर्वीच्या दुप्पट वेगाने सुरू झालं. सर स्क्रीनकडे बघत राहिले.

"माझा डोंगर कुठे गेला?"

जुन्या सिस्टीममध्ये समोर हिरवागार डोंगर आणि निळं आकाश असायचं, ते. मी समजावलं, "सर, ते नुसतं चित्र होतं. सिस्टीम वेगळी, चित्र वेगळं." समुद्र दाखवला, जंगल दाखवलं, मंगळ ग्रहसुद्धा दाखवला.

"डोंगर," सर म्हणाले. पाढा चुकल्यावर म्हणायचे, त्याच आवाजात.

मला राग आला. परकीय डोंगर कशाला? मदन महल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून टेकडीचा छान फोटो काढला, ते गोल काळे खडक, वर किल्ला, आणि दुसऱ्या दिवशी लावून दिला. म्हटलं, "सर, हा आपला डोंगर!"

सरांनी वाकून निरखलं.

"याच्यावर गवत काहून नाही?"

*

अधारतालचे वानखेडेकाका माझे आवडते. मेन रोडवर त्यांचं नळ-पाइपांचं दुकान आहे, घर वरच. मी नवमीच्या सकाळी त्यांच्याकडे काम लावलं आणि जेवायला घरी गेलो. परत येऊन बघतो तर कॉम्प्युटरपुढे रांगोळी! माउसला कुंकू, कीबोर्डवर झेंडू, पेन ड्राइव्हवर अक्षता. शेजारी दुकानातले नट आवळायचे पाने आणि पाइप कापायची करवत मांडलेली. आणि स्क्रीनवर प्रश्न, पुढे जायचं का?

मी हात पुढे केला तसे काका ओरडले, "अरे बापा, हात नको लावू! आयुधं पूजेला मांडली. आता उद्या दसऱ्याला उचलायची."

"काका, मशीन अर्ध्यावर आहे!"

"मग? करवतही अर्ध्या पाइपावर आहे. ती काही बोलून राहिली का?"

मी अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोललो. काकूंनी मला प्रसाद दिला. दिवसभर येणारा-जाणारा त्या प्रश्नाला नमस्कार करून गेला.

दसऱ्याला काकूंनी एंटरच्या बटणावर आपट्याचं पान ठेवलं आणि काकांनी वरून अंगठा दाबला. सिस्टीम एका दमात चढली, एकही चूक नाही! माझ्या घरी तीनदा अडकली होती.

काका म्हणाले, "पाहिलं?"

*

त्यांच्याच घरी वायफायच्या पासवर्डचा विषय निघाला. मी सांगितलं, पासवर्ड गुप्त ठेवायचा, कोणालाही सांगायचा नाही. काकांना पटलं. लगेच घरातल्या सहाही जणांना बोलावलं, बैठक झाली, नागपूरच्या मेव्हण्यालाही फोनवर घेतलं आणि एकमताने नवा पासवर्ड ठरला, मी तो लावूनही दिला. काकूंनी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला. मी कपाळावर हात मारला.

"अरे, घरचेच तर आहेत सगळे," काका म्हणाले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारचे दुबेजी ओरडले, "वानखेडेजी! पासवर्ड बदल दिया क्या? हमको तो किसी ने बताया ही नहीं! टिकट कैसे देखें?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "नया लिख लो, दुबेजी."

*

आता सुधाकाकूंचं.

दिवाळी झाली आणि त्यांचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागला. तुळशीचं लग्न चार दिवसांवर. काकूंनी फोन केला, "ये बाळ. पण यादी सांभाळ हं. कागदावर काहीच नाही माझ्याकडे."

मी सकाळी नऊला हजर! यादी पेन ड्राइव्हवर घेतली, दोनदा तपासली, की फाइल आहे, आकार बरोबर आहे. मग जुनी सिस्टीम पुसली आणि नवी चढवली. बाराच्या सुमारास ऐटीत फाइल उघडली.

स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उद्गारचिन्हं. मराठीचा एक शब्द नाही.

काकू मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "माझी सगळी मुलं कुठे गेली रे?"

मग लक्षात आलं. यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. मंडळाची स्मरणिका छापणाऱ्या एका टायपिंगवाल्याने तो बनवला होता आणि सीडीवर घरोघरी वाटला होता. त्याचं दुकान कधीच बंद झालं. तो फॉन्ट पुसलेल्या सिस्टीमबरोबर गेला होता. फॉन्ट नाही, तर अक्षरं नाहीत. मी फाइल तपासली होती, उघडून वाचली नव्हती! नेटवर शोधलं, दुसरे फॉन्ट लावून पाहिले. अक्षरं मराठी दिसायची, अर्थ लागायचा नाही.

"तुमची सीडी, काकू?"

"तूच तर म्हणालास फेका. मी फेकली."

मी एकेका घरी फोन लावला. भालेराव सरांनी फेकली होती. बाबांनीही. सगळ्यांनी माझं ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझं इतकं ऐकलं, आणि तेव्हाच ऐकायला नको होतं!

काकूंनी जेवायला हाक मारली. म्हटलं, आधी यादी. तासाभराने पुन्हा हाक. नाही म्हटलं. आईचा फोन आला, तो उचलला नाही.

शेवटी वानखेडेकाका. त्यांना आधीच विचारायला हवं होतं, पण माझ्या भाषणावर सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.

"सीडी? आहे ना."

"फेकली नाही?"

"काहून फेकू? ज्या वर्षी आणली त्या वर्षी खंडेनवमीला पूजेत ठेवली होती. पूजेतली वस्तू फेकतात का? देवघरात आहे."

मी स्कूटर काढली. अधारतालहून परत येईस्तोवर तीन वाजून गेले. सीडीवर हळदीकुंकवाचे थर. शर्टाच्या बाहीने पुसली आणि आत सरकवली. ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. काकू देवाचं नाव घेत होत्या. खरं सांगायचं तर मीही.

फॉन्ट चढला. एका क्षणात सगळी मुलं परत आली. नाव, शिक्षण, उंची, गोत्र, आणि शेवटी काकूंचा स्वतःचा रकाना, शेरा. तपासायला म्हणून मी खाली खाली जाऊ लागलो, आणि एका ओळीवर थबकलो.

माझंच नाव! आईने कधी दिलं, देव जाणे. शेरा होता, "मुलगा गुणी. बोलतो फार. घरच्या कुठल्याही मशीनला हात लावू देऊ नये."

काकूंनी मी काय वाचतोय ते पाहिलं. मला बाजूला सरकवलं, खुर्ची ओढली, आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत त्याच रकान्यात आणखी एक वाक्य टाइप केलं, "बिघडवलेलं दुरुस्त होईपर्यंत जेवत नाही."

मग उठत म्हणाल्या, "चल आता. वरण गार होऊन राहिलं."