शिवानंदच्या पुड्या

मुरुम गावात शिवानंदच्या वडिलांचं पूजेच्या साहित्याचं दुकान. गिऱ्हाईक नुसतं "वास्तुशांत" म्हणालं, की हळदकुंकवापासून नारळापर्यंत सगळं असलेली पुडी हातात. त्याच घरी त्याच दिवशी सत्यनारायणही असेल, तर दुसऱ्या पुडीत नारळ नाही. "एका घरात दोनदा कशाला?" हा वडिलांचा धर्म. दुकान भावाकडं गेलं, धर्म तेवढा शिवानंदच्या वाट्याला आला.

अकरा वर्षं तो हणमंतप्पांच्या कॉम्प्युटर क्लासात स्टुलावर बसला. टायपिंगची परीक्षा नीट पार पडली की खुर्ची द्यायचं मालकांनी कबूल केलं होतं. बायकोनं, अक्षदानं, त्या खुर्चीसाठी गादीसुद्धा शिवली. फुलाफुलांची, कडेला झालर.

वीस कॉम्प्युटरांवर एकेक प्रोग्राम चढवण्यात शिवानंदचे दोन दिवस जात. मग त्याला शोध लागला, की हव्या त्या प्रोग्रामांचा आपल्या मनाचा गट करता येतो. गटाचं नाव सांगितलं की सगळे चढतात, उतरव म्हटलं की सगळे उतरतात.

"अगं, ही तर पुडीच की!" तो घरी जाऊन म्हणाला.

त्यानं दोन गट केले. 'खेळ' गटात पडणारी अक्षरं टिपायचा खेळ, आणि त्याला लागतो म्हणून मराठी कीबोर्डचा प्रोग्राम. 'परीक्षा' गटात बाकी सगळं. कीबोर्ड? तो एकदा आलाय की. एका घरात दोनदा कशाला?

परीक्षेच्या दिवशी सकाळी हणमंतप्पा आले.

"शिवा, परीक्षेचे साहेब यायलेत. ते खेळ उतरव आधी."

"एका मिनिटात, मालक!"

खरंच एका मिनिटात उतरले. पोरी बसल्या, बोटं चालली, पडद्यावर इंग्रजी.

"सर, मराठी उमटंना गेलंय!"

खेळाबरोबर कीबोर्डही उतरला होता. तो पुन्हा चढवायला इंटरनेट हवं. रस्त्याच्या खोदकामात त्याची तार तुटून दोन दिवस झाले होते. साहेबांनी तासभर वाट पाहिली, चहा घेतला आणि परीक्षा रद्द करून गेले.

हणमंतप्पा ओरडले नाहीत. सगळ्यांपुढं शांतपणे म्हणाले, "चूक माझीच. पुडीवाल्याला म्या मास्तर केलं. जा बाबा, उदबत्त्या मोज."

सगळ्यात आधी त्याच्या हाताखालची दीपमाला हसली. तिला त्यानंच शिकवलं होतं. खुर्ची तिलाच मिळाली. गट अजून शिवानंदचेच आहेत. तिनं कीबोर्ड दोन्हींत टाकला, एवढंच.

शिवानंद आता भावाच्या दुकानात असतो. परवा हणमंतप्पा तिथं आले. क्लासाच्या नव्या हॉलची वास्तुशांत होती. गल्ल्याजवळची झालरीची गादी ओढून त्यावर ऐसपैस बसले. शिवानंदनं पुडी बांधून दिली, तशी चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी ती सोडली.

"नारळ हाय का बघू दे. तुझ्या पुडीचा भरवसा न्हाय."

"हाय मालक," शिवानंद म्हणाला. "दोन टाकलेत."

"दोन?" हणमंतप्पांनी एक उचलून परत केला. "एका घरात दोनदा कशाला?"