मंगीताईंच्या वहीतली खरी वजनं

कुणीतरी हे मुद्दाम केलेलं आहे. आमच्या विद्यापीठाच्या कपाटात डहाणू-तलासरीच्या पोषणावरचे रिपोर्ट छातीएवढे रचलेत, आणि त्यातल्या एकातही एक माणूस हसत नाही! सगळे नुसते 'लाभार्थी'. हसणारी माणसं कुणी गाळली ते मला माहीत नाही, पण गाळली आहेत. माझ्या फील्डच्या वहीत पुढून तक्ते असतात आणि मागून किस्से. आता मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडलीत, म्हणून थोडे किस्से इथे ओतते.

आधी ओळख. मी विद्यापीठात आहारशास्त्र शिकवते, कंत्राटावर. आम्ही पोषणाचा एक नवा कोर्स सुरू करतोय, इथल्याच मुलींसाठी. म्हणजे दरवेळी बाहेरून तज्ज्ञ आणायला नकोत. तो शिकवायला मला मंगीताई हव्या होत्या. मंगीताई म्हणजे तलासरी तालुक्यातल्या झरीच्या एका पाड्यावरच्या अंगणवाडी सेविका. शिक्षण दहावी. आणि विद्यापीठाचा नियम असा, की व्याख्याता पदव्युत्तरच पाहिजे. झालं! वर्षभर मी त्या नियमाशी भांडत होते. का, ते ऐका.

*

माझी विद्यार्थिनी प्राची पहिल्यांदा फॉर्म घेऊन माझ्याबरोबर पाड्यावर आली. जून संपत आला होता. पहिलं घर लाडकी आजीचं.

"आजी, काल काय काय खाल्लं?"

"काय नाय. भात."

"भाजी? फळ?"

"नाय ग बाय."

दहा घरं झाली. दहा फॉर्मवर 'भात'. प्राचीचा चेहरा रडवेला. दमून ती आजीच्याच ओट्यावर येऊन बसली. आजीने तिच्या ओंजळीत जांभळं ओतली. चुलीवर चिंबोऱ्या रटरटत होत्या, सुपात शेवळांची रानभाजी निवडून ठेवलेली.

"आजी, हे सगळं सांगितलं का नाही?" प्राची ओरडली. तिची जीभ एव्हाना जांभळी झाली होती.

"हे कुठं जेवण? हे तर रानातलं!"

मंगीताई दारात उभ्या राहून हसत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, काय खाल्लं ते नाय विचारायचं. काल कुठं कुठं गेलीस ते विचारायचं."

प्राचीने तसं विचारलं. रान, ओढा, शेजारणीचं अंगण! जिथे आजी गेली तिथे काहीतरी तोंडात टाकलं होतंच. फॉर्म मागच्या बाजूलाही भरला.

पाच वर्षं शिकून मला हा प्रश्न सुचला नव्हता.

*

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी लॅबमध्ये एक पौष्टिक बार तयार केला होता. चकचकीत वेष्टन, त्यावर जीवनसत्त्वांची यादी. मुलांना वाटायला आम्ही दोन खोकी झरीला पोचवली. मॅडम रोज फोन करायच्या, "रिझल्ट काय?"

पंधरा दिवसांनी मी मंगीताईंना विचारलं.

"रिझल्ट एकदम चांगला, मॅडम."

"वजनं वाढली?"

"नाय. अंडी वाढली! पोरं चाटून टाकून देतात, कोंबड्या खातात."

मग त्यांनी नागली, म्हणजे आपली नाचणी, भाजली, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घालून लाडू वळले. पोरांनी परातही चाटून पुसली. कोंबड्या बिचाऱ्या आशेने बघत राहिल्या.

*

एका सोमवारी मॅडमचा फोन आला. "झरीत काही आपत्ती आलीय का? कॉम्प्युटरवर अख्खा पाडा लाल दिसतोय! सगळ्या मुलांची वजनं एका महिन्यात घसरलीत!"

मी आणि प्राची डहाणूहून जीप करून सुटलो. चारोटीपर्यंत प्राची मोबाइलमधले आकडे पुन्हा पुन्हा बघत होती. माझ्या डोक्यात नको नको ते.

पोचलो तर मुलं जीपच्या मागच्या शिडीला लोंबकळायला लागली. एकजात टुणटुणीत!

मंगीताईंनी वही उघडली. वहीतली वजनं व्यवस्थित होती. चुकीची होती ती प्राचीच्या मोबाइलमध्ये. त्या महिन्यात मंगीताई वजन मोठ्याने सांगत होत्या आणि प्राची ऐकून भरत होती.

"पण ताई, मी तुम्ही सांगितलं तेच लिहिलं!"

"अगं, पोराचं खरं वजन भर अंगणात ओरडायचं? नजर नाय लागणार? ओरडताना दोन किलो कमी ओरडायचं नि वहीत खरं लिवायचं. आयांना सगळ्यांना म्हाईत हाय."

मग आमच्याकडे बघून अगदी काळजीने म्हणाल्या, "तुमाला कॉलेजात हे नाय शिकवत?"

*

व्याख्यात्याच्या अर्जाचा नमुना घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. नाव, गाव, अनुभव एकोणीस वर्षं. पुढचा रकाना 'प्रकाशने'.

"म्हंजे काय?"

"तुम्ही लिहिलेलं, आणि लोकांनी वाचून वापरलेलं."

"मग माझी वजनाची वही लिवा की. तुमचे सगळे रिपोर्ट तिच्यातूनच तर उतरवतात!"

मी लिहिलं. कार्यालयाने लाल पेनाने खोडलं. तेव्हा मात्र मी चिडले, आणि नजरेचा किस्सा सविस्तर टाइप करून अर्जाला जोडला. म्हटलं, वाचा!

*

वाचला. कारण व्याख्याते निवडणारी समिती थेट झरीलाच आली. म्हणजे सकाळी अकराला येणार होती, ती चारोटीच्या हॉटेलात दोनदा नाश्ता करून एकला आली. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. आज 'नाही' म्हणाले तर संपलं, कोर्स मंगीताईंशिवाय सुरू होणार.

अध्यक्ष सर चांगलेच भारदस्त. त्यांना दारातून जरा तिरकं होऊन आत यावं लागलं. त्या दिवशी मुलांबरोबर मोठ्यांचीही वजनं चालली होती, बायकांची रांग पार चिंचेपर्यंत.

"बाई," सरांनी विचारलं, "तुम्ही विद्यापीठात येऊन नेमकं शिकवणार काय?"

"सांगते ना साहेब. आधी काट्यावर उभे राहा, रांग खोळंबलीय."

सर बूट काढून मुकाट उभे राहिले. काटा झपकन उजवीकडे गेला.

मंगीताईंनी अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं पुकारलं, "बावन्न!"

सरांनी काट्याकडे बघितलं. मंगीताईंकडे बघितलं. मग वाकून वहीत डोकावले. तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं: ९४.

सरांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "यांचं नाव घाला," ते कार्यालयाच्या माणसाला म्हणाले, "नियमाचं मी बघतो."

एवढ्यात रांगेतून लाडकी आजी पुढे आली. तिने सरांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हळहळून म्हणाली,

"बावन्नच? पार वाळलाय ग बिचारा. मंगी, त्याला एक लाडू दे!"