दहा लाख एक

गणित शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण गोंदियाला होतं. मूळ संख्यांवर बोलताना प्रशिक्षकांनी फळ्यावर लिहिलं, १०००००१. म्हणाले, "दहा लाख एक. दोन, तीन, पाच, सात, कशानेच भाग जात नाही. ही मूळ संख्या."

मी उठले. "सर, एकशे एकनं भाग जातो."

"मॅडम, एवढी मोठी संख्या तोंडी सोडवली?"

तोंडीच सोडवली होती. अंदाजानं मी बोलत नाही. पुढे जाऊन खडू घेतला. एकशे एकनं गुणायचं म्हणजे संख्येपुढे दोन शून्यं द्यायची आणि तीच संख्या पुन्हा मिळवायची. ९९०१००, खाली ९९०१. बेरीज बरोबर दहा लाख एक. सरांनी स्वतः पुन्हा करून पाहिली आणि हसत आपलं म्हणणं मागे घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बढिया!"

गावी परतताना केशोरीच्या बसमध्ये मात्र मला दुसराच प्रश्न पडला. ९९०१ तरी आणखी फुटते का? कागद काढून मी एकटीनं तासाभरात ठरवलं असतं. पण सातवीच्या माझ्या वर्गात बावीस मुलं आहेत, आणि मी कागद पर्समध्येच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर १०००००१ = १०१ × ९९०१ लिहिलं, ९९०१ खाली रेघ ओढली आणि सांगितलं, "शंभर गुणिले शंभर दहा हजार. आपली संख्या त्याहून लहान. म्हणजे ती फुटलीच, तर एक तरी तुकडा शंभराच्या आतला पाहिजे." शंभराच्या आत मूळ संख्या पंचवीस. दोन, तीन, पाच मुलांनी बघताक्षणी बाद केल्या. उरल्या बावीस. प्रत्येकाला एक!

पाटीवर, वहीवर भागाकार सुरू झाले. सातवाला लगेच मोकळा झाला, बाकी तीन. त्रेचाळीसवाली ओरडली, "मॅडम, माह्यानं भाग गेला!" सगळे तिच्या वहीवर वाकले. वजाबाकीत हातचा राहिला होता. दुरुस्त केल्यावर बाकी अकरा आली आणि ती रुसून बसली.

सत्त्याण्णव माझ्या सर्वांत गप्प मुलीच्या वाट्याला आला होता. सगळे थांबले तरी ती लिहीतच होती. शेवटी उठली. "बाकी सात उरून राहिली, मॅडम. नाही जात."

"मग?"

"मग फुटत नाही. मूळ संख्याच आहे."

"पक्कं?"

"बावीस जणायनं पाहिलं ना!"

मी मान डोलावली. पुढचा धडा काढणार, तोच ती पुन्हा म्हणाली, "मॅडम, दहा लाख एकच्या मधात आणखी एक शून्य टाकला तर?"

मी खडू तिच्या हातात दिला. तिनं १००००००१ लिहिलं, क्षणभर पाहिलं आणि अकरानं भागायला सुरुवात केली. अकराच का, हे मी तिला विचारलं नाही. भागाकार संपला, बाकी शून्य, आणि वर उत्तर ९०९०९१. वर्ग एकदम म्हणाला, "आता हे फोडू!"